बैलांना पट मिळाला, आता पोरांनाही मिळू द्या

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य;
मा. अध्यक्ष व पदाधिकारी, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया;
मा. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व जिल्हा क्रीडा अधिकारी, चंद्रपूर आणि गडचिरोली.

विषय : झाडीपट्टीतील मुलांना मोटारसायकल शर्यतीसाठी मातीचे एक गोल मैदान मिळण्याबाबत.

महोदय,

मी नागभीडला मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. या धंद्यात सव्वीस वर्षे झाली. दिवाळीनंतर धान निघाले, चुकारे हाती आले, की माझ्याकडे अठरा-वीस वर्षांची पोरे येऊ लागतात. मागणी ठरलेली असते. "काका, सायलेन्सर खोलून द्या ना जी. अन् मागचा स्प्रॉकेट लहान बसवा, गाडी पळाली पाहिजे." मी नाही म्हणतो, समजावतो, कधी रागावतो. ती दुसरीकडे जाऊन तेच काम करून घेतात. मग रात्री जेवणे आटोपल्यावर ब्रह्मपुरीच्या रस्त्याकडून तो आवाज येतो. चार-पाच गाड्या एकदम सुटल्याचा. मी अंथरुणात तो आवाज शेवटपर्यंत ऐकतो. गाड्या परतल्या की झोपतो.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री त्या परतल्या नाहीत. सकाळी टेम्पोतून एक गाडी माझ्या दारात उतरवली. रानडुक्कर आडवे आले होते. पुढची रिम अंड्यासारखी लांबट झाली होती, हँडल टाकीला टेकले होते आणि उजव्या फूटरेस्टमध्ये चपलेचा पट्टा अडकून राहिला होता. तो पट्टा मी पकडीने ओढून काढला. ज्याची चप्पल होती तो एकोणीस वर्षांचा पोरगा तेव्हा नागपूरला दवाखान्यात होता. जीव वाचला. पण पाय पूर्वीसारखा झाला नाही.

हे पत्र त्या सकाळपासून माझ्या डोक्यात आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. मला वेग आवडतो. लहानपणी नागपूर-नागभीड छोट्या रेल्वेशी आम्ही सायकलवर शर्यत लावायचो आणि थोडे अंतर तरी तिला मागे टाकायचो. ती छोटी गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, पण कानाशी वाहणाऱ्या वाऱ्याची ती ओढ माझ्यात अजून आहे. म्हणून रस्त्यावर गाडी पळवणाऱ्या पोराला गुंड म्हणणाऱ्यांत मी नाही. त्याला काय हवे आहे ते मला कळते. ते त्याला चुकीच्या जागी शोधावे लागते, एवढेच माझे दुःख आहे.

योग्य जागा कशी असते, ते मी गेली काही वर्षे मोबाईलवर पाहतो आहे. त्या खेळाचे नाव स्पीडवे. आपल्याकडे मोटोजीपी लोकांना माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ती शर्यत झाली, तेव्हा गावातल्या पोरांनीही पाहिली. पण तसले डांबरी सर्किट उभारायला शेकडो एकर जमीन आणि अफाट पैसा लागतो. स्पीडवेला लागते मातीची एक लंबगोल वाट, लांबी २६० ते ४२५ मीटर. म्हणजे शाळेच्या मोठ्या मैदानावर आखलेल्या धावपट्टीएवढी. एका शर्यतीत चार स्वार आणि चार फेऱ्या. साधारण एका मिनिटात निकाल. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. लाल, निळे, पांढरे, पिवळे अशी हेल्मेटची आवरणे असतात, त्यामुळे आजीबाईलाही कोण पुढे आहे ते कळते.

मिस्त्री म्हणून मला वेड लावले ते त्या गाडीने. ५०० सीसीचे एकच सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारे इंजिन, वजन ऐंशी किलोच्या आतबाहेर, गिअर एकच. आणि ब्रेक नाही. पुढे नाही, मागेही नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. पण विचार केला तेव्हा त्यातले शहाणपण उमगले. कोणालाच ब्रेक नसेल तर समोरचा अचानक थांबणार नाही, याची मागच्याला खात्री असते. सरळ पट्ट्यावर वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. वळण आले की स्वार डावा पाय खाली टाकतो. त्या बुटाला लोखंडी तळ बसवलेला असतो. तो रेस वाढवतो, मागचे चाक मुद्दाम घसरवतो आणि वळण डावीकडे असताना पुढचे चाक उजवीकडे धरून अख्खी गाडी आडवी वळवतो. घाबरून एकदम रेस सोडली, तर मागचे चाक मातीला पकडते आणि गाडी स्वाराला भिरकावून देते. म्हणजे इथे भीती आणि हात दोन्ही ताब्यात ठेवावे लागतात. हे शिकायला वर्षे लागतात, आणि शिकलेला माणूस रस्त्यावर मस्ती करत नाही. कसब कशात आहे ते त्याला ठाऊक झालेले असते.

त्या खेळातला आजचा सर्वांत मोठा स्वार म्हणजे पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक. २०२५ मध्ये त्याने सहाव्यांदा विश्वविजेतेपद जिंकले आणि न्यूझीलंडचा इव्हान मॉगर व स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्या सहा विजेतेपदांची बरोबरी केली. ते शेवटच्या मैदानापर्यंत लढून मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या ब्रेडी कर्ट्झपेक्षा झ्मार्झलिकला अख्ख्या हंगामात मिळून फक्त एक गुण जास्त होता. मला झ्मार्झलिक आवडतो तो मागून येऊन बाहेरच्या कडेने पुढे काढण्यासाठी. कुंपणापासून वीतभर अंतरावर, जिथे माती सैल आणि खोल असते, तिथून तो वेग काढतो. बाकीचे ज्या ओळीला घाबरतात, त्या ओळीवर त्याचा भरवसा असतो. पण त्याच्याबद्दलची जी गोष्ट मी गॅरेजमधल्या पोरांना वारंवार सांगतो, ती त्याच्या विजयाची नाही. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या व्होयेन्स गावी त्याने नियमात न बसणारा सूट घातला, म्हणून विश्वविजेत्याला त्या शर्यतीतून बाद केले गेले. विजेतेपदाची चुरस ऐन रंगात होती, तरी नियम वाकला नाही. पुढच्या मैदानात येऊन त्याने विजेतेपद राखले. पोरांना सांगतो, बघा, खरा रेसर असा असतो. त्याला नियम अंगावर आल्यासारखा वाटत नाही.

आता त्या व्होयेन्सबद्दल. वस्ती सात-आठ हजारांची. तीन वेळा विश्वविजेता झालेल्या ओले ओल्सेनने १९७० च्या दशकात तिथे मैदान उभारले आणि आज जगातले उत्तम स्वार तिथे येतात. स्वीडनचे मालिला तर त्याहून लहान. जेमतेम दीड हजार लोकांचे गाव, पण तिथे विश्व अजिंक्यपदाची ग्रां प्री भरते. पोलंडमधल्या लेश्नो, गोझूफ यांसारख्या मध्यम शहरांत आठवड्याच्या शेवटी अख्खी घरे गळ्यात क्लबचा रुमाल बांधून मैदानाकडे निघतात. मोठ्या शहरांनीच मोठे खेळ करावेत, असा नियम जगात कुठे नाही. नागभीड हे गाव व्होयेन्स-मालिलापेक्षा लहान नाही.

आणि हा खेळ आपल्याला परका वाटावा, असेही काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडला डिसेंबर १९२३ मध्ये ज्या शर्यती झाल्या, त्या या खेळाच्या आरंभीच्या शर्यती मानल्या जातात. त्या कुठे झाल्या? कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर. म्हणजे आपल्या मंडईसारख्याच जागी. इंग्लंडमध्ये १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात, हाय बीच येथे पहिली मोठी शर्यत झाली, तेव्हा लोटलेली गर्दी तीस हजारांच्या घरात सांगितली जाते.

त्याहून जवळचा धागा माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात आहे. तिथे माझ्या वडिलांची राजदूत उभी आहे. या भागात दूधवाल्यांनी, मास्तरांनी, ग्रामसेवकांनी ज्या गाडीवर उभी हयात काढली, ती राजदूत मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर फरिदाबादला बनत होती. म्हैसूरला बनलेली जावा आणि येझदी चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची लेकरे. त्याच जावाच्या दिविशॉव्ह येथील कारखान्याने स्पीडवेची इंजिने बनवली आणि जगभरच्या स्वारांनी ती वापरली. म्हणजे गाड्या आपल्याकडे पोहोचल्या, त्यांची भाऊबंदकी पोहोचली. मैदान मात्र पोहोचले नाही.

भारतात काहीच नाही असे मी म्हणत नाही. नाशिक, कोल्हापूर, पुणे इथल्या मातीवर डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग पुण्याच्या बालेवाडीतून सुरू झाली. स्पीडवेची सर्वांत जवळची बहीण म्हणजे फ्लॅट ट्रॅक. कर्नाटकात कोलारच्या बिगरॉक डर्टपार्कमध्ये रॉयल एनफिल्डने मातीवर गाडी घसरवायला शिकवणारे वर्ग भरवले. स्पर्धा नाहीतच असे नाही, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरासाठी पुणे म्हणजे एक रात्र आणि एक दिवस. गाडी पाठवण्याचे भाडे वेगळे.

लहान गावातून माणूस किती दूर जाऊ शकतो, तेही आपण पाहिले आहे. केरळमधले शोरनूर हे आपल्या नागभीडसारखेच रेल्वेचे जंक्शन. तिथल्या हरित नोआने २०२४ च्या डकार रॅलीत रॅली-२ गटात पहिला क्रमांक मिळवला आणि एकूण क्रमवारीत तो अकरावा आला. डकारमध्ये गटविजेता होणारा तो पहिला भारतीय. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दीड एकर शेतात धानाची लोंबी निवडत निवडत एचएमटी हे वाण तयार केले. त्या तांदळाचा भात आज कुठे कुठे शिजतो, पण दादाजींकडे व्यवस्थेचे लक्ष जायला किती वर्षे गेली, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. झाडीपट्टीत हुशारी कमी नाही. ती बघायला कोणी वेळेवर येत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

झाडीपट्टीला शर्यत शिकवावी लागत नाही. धान निघाले की मोकळ्या बांध्यांत शंकरपट भरतो. पहाटेपासून बैलगाड्या, मोटारसायकली, ट्रॅक्टर भरून माणसे येतात. दोन धावपट्ट्या, दोन जोड्या. इशारा झाला की बैल सुटतात, टोकाला घड्याळवाला सेकंद मोजतो आणि त्या सेकंदाच्या हिश्श्यावर पंचक्रोशीत चार दिवस वाद रंगतो. रात्री वडसा-देसाईगंजच्या मंडळींचे नाटक. पट बघायला आलेला पाहुणा नाटक बघूनच परततो. हा आमचा हिवाळा.

या पटावर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली. कारण खरे होते. बैलांचे हाल होत होते. मग काय झाले? २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा केला. नियम झाले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नसेल. पशुवैद्य बैल तपासेल. काठी, टोचणी, विजेचा झटका चालणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा उचलून धरला. आज पट पुन्हा भरतो, आणि पूर्वीपेक्षा नीट भरतो.

म्हणजे गावची एक धोक्याची शर्यत नियमात कशी आणायची, ते आपल्या सरकारला चांगले येते. बैलाची काळजी घेऊन, परंपराही राखून, आपण मार्ग काढला. मग जी शर्यत रोज रात्री हमरस्त्यावर होते, जिच्यात पोरांची हाडे मोडतात, तिच्यासाठी तोच मार्ग का काढू नये? बैलाला डॉक्टर मिळाला, धावपट्टी मिळाली, पंच मिळाला. पोराला फक्त दंडाची पावती मिळते.

पावती चुकीची आहे असे मी म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे आणि असायलाच हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाही पाच हजारांपर्यंत दंड आहे. अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. पोलिसांनी हे जरूर वापरावे. पण सव्वीस वर्षांत मी एक पाहिले आहे. नाक्यावर पोलीस उभे राहिले की पोरे ब्रह्मपुरीचा रस्ता सोडून तळोधीच्या रस्त्याला जातात. तिथे जंगल अधिक दाट, आणि वाघाचा वावर. दंडाने शर्यत बंद होत नाही, तिची जागा तेवढी बदलते. ती कुठे बदलायची हे आपण ठरवले तर बरे.

यावर कोणीही विचारेल, हा खेळ तरी सुरक्षित आहे का? नाही. ते लपवून मैदान मागणे मला पटणार नाही. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड हा त्याच्या पिढीतला सर्वांत देखणा स्वार होता. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलंडमध्ये पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तीन वेळचा विश्वविजेता ब्रिटनचा ताय वॉफिंडन मार्च २०२५ मध्ये क्रोस्नोच्या मैदानावर इतका जबर जखमी झाला की त्याची अनेक हाडे मोडली. ती बातमी आली तेव्हा दोन दिवस माझे कामात लक्ष नव्हते. पण त्या मैदानांवर वळणाला हवेने भरलेली गादीची भिंत असते. डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर नसेल तर शर्यत सुरू होत नाही. समोरून ट्रक येत नाही. चारही गाड्या एकाच दिशेने जातात. अंधारात रानडुक्कर आडवे येत नाही. आमच्या रस्त्यावर यांतले काहीच नाही. धोका दोन्हीकडे आहे, पण एकीकडे त्याची तयारी केलेली असते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली मागणी जिल्हा प्रशासनाकडे. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात किंवा पलीकडे वडसा-आरमोरीकडे मुरुमाचे एक मैदान आखून द्यावे. तीनशे मीटरची लंबगोल वाट पुरे. जंगलाची एक काडीही नको. घोडाझरी अभयारण्यापासून आणि वाघाच्या वाटांपासून दूर, गावालगतची पडीक जागा निवडावी. शर्यत फक्त दिवसा, डिसेंबर ते फेब्रुवारी, सायलेन्सर लावूनच. या दिवसांत धूळ बसवायला बोडीत पाणीही असते. वाट ओली करणे, फळी फिरवून सपाट करणे हे काम ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला शिकवावे लागणार नाही. बांधीत तो दरवर्षी तेच करतो.

दुसरी मागणी फेडरेशनकडे. स्थानिक क्लबला मान्यता द्या, परवान्याची पद्धत समजावून सांगा आणि हिवाळ्यात दोन-चार दिवसांचे शिबिर इथे घ्या. पोरांनी पुण्याला किंवा कोलारला यावे याची वाट बघू नका, एक प्रशिक्षक इकडे पाठवा. आमच्याकडे ५०० सीसीच्या गाड्या नाहीत. जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचा गट ठेवा. भंगारात निघालेल्या गाड्यांतून तशा मशिनी उभ्या करणे आम्हा मिस्त्रींचे काम. आंतरराष्ट्रीय महासंघाकडेही आमचे म्हणणे पोहोचवा. विश्व अजिंक्यपदाची ग्रां प्री आजवर आशियात झालेली नाही. ज्या देशात गावोगावी दुचाकी पळते, तिथे निदान प्रात्यक्षिकाचा एक दिवस द्यावा.

तिसरी मागणी क्रीडामंत्र्यांकडे, आणि ती सर्वांत सोपी आहे. सुरुवात सायकलने करा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर इंग्लंडमधल्या मुलांनी विटा-दगड बाजूला सारून छोट्या गोल वाटा आखल्या आणि मोटारसायकल स्वारांची नक्कल करत बिनब्रेकच्या सायकली पळवल्या. त्यातून सायकल स्पीडवे हा वेगळा खेळ उभा राहिला. तिथेही चार स्वार, चार फेऱ्या. वाट सत्तर ते नव्वद मीटर. पेट्रोल नाही, आवाज नाही. शाळेत ये-जा करणाऱ्या मुलींच्या सायकली तर गावोगावी आहेत. क्रीडा संकुलाच्या एका कोपऱ्यात हे उद्या सुरू होऊ शकते. वळणावर पाय कसा टाकायचा, तोल कसा राखायचा, दुसऱ्याला जागा कशी द्यायची, हे बारा वर्षांच्या वयात सायकलवर शिकलेले मूल अठराव्या वर्षी मोटारसायकलवर चुकत नाही.

आणि काही अटी आमच्याकडून, तुम्ही घालण्याआधीच. पूर्ण हेल्मेट, बूट, हातमोजे, पाठीचे कवच यांशिवाय वाटेवर पाऊल नाही. डॉक्टर आणि रुग्णवाहिका आल्याशिवाय इशारा नाही. वयाचा आणि परवान्याचा नियम फेडरेशन सांगेल तो. दारू पिऊन आलेला त्या दिवशी बाहेर. आणि हमरस्त्यावर शर्यत लावताना जो सापडेल, तो अख्खा हंगाम बाद, मग तो कोणाचाही मुलगा असो. ही शेवटची अट पोलिसांच्या दहा नाक्यांचे काम करेल, अशी माझी खात्री आहे. झ्मार्झलिकला सूट चुकला म्हणून बाद करता येते, तर आमच्या पोरांनाही नियम कळेल.

त्या पोराची गाडी अजून माझ्याकडे आहे. रिम नवी टाकली, हँडल सरळ केले, इंजिन चालू होते. तो मधूनमधून येतो. काठी भिंतीला टेकवून बाकावर बसतो आणि माझ्या मोबाईलवर शर्यती बघतो. परवा व्होयेन्सची जुनी शर्यत चालू होती. सुरुवातीची फीत वर उडाली, चौघे पहिल्या वळणात आडवे झाले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, इथं समोरून कोणीच येत नाही जी."

त्याला पुन्हा शर्यत धावता येईल की नाही, ते डॉक्टर सांगतील. पण वाट आखायला, पोरांचे बूट-हेल्मेट तपासायला, घड्याळ धरायला तो तयार आहे. मीही आहे आणि या रस्त्यावरच्या गॅरेजमधले आणखी काही मिस्त्रीही आहेत. आमची मजुरी आम्ही घेणार नाही. जागा, परवानगी आणि शिकवणारा माणूस, एवढ्या तीन गोष्टी आम्हाला तुमच्याकडून हव्या आहेत.

यंदाचे धान घरात आले की बांध्या मोकळ्या होतील आणि रात्रीचा आवाज पुन्हा सुरू होईल. त्याआधी उत्तर यावे, ही विनंती.

आपला,
नागभीडचा एक मोटारसायकल मिस्त्री